तरुण पुरुषांचे ‘अतिरिक्त मृत्यू’ मोजतात कसे?

‘तरुण पुरुषांच्या मृत्यूंत ११ टक्क्यांची वाढ’ अशा मथळ्याचा एखादा आलेख समाजमाध्यमांवर फिरू लागतो आणि दोन दिवसांत त्याच सरकारी आकडेवारीवरून दुसरा कोणीतरी ही वाढ जेमतेम एक टक्का असल्याचे दाखवून देतो. वाचणारा गोंधळतो आणि दोघांपैकी एकजण नक्कीच खोटे बोलत असणार, अशी समजूत करून घेतो. प्रत्यक्षात पुष्कळदा दोघांचेही गणित बिनचूक असते आणि मृत्यूंची संख्याही दोघांनी एकच घेतलेली असते. फरक पडतो तो या संख्येतून जी दुसरी संख्या वजा केली जाते तिच्यामुळे, आणि मथळ्यात तिचा उल्लेखही नसतो. ही दुसरी संख्या कुठून येते आणि तरुण पुरुषांच्या बाबतीत ती ठरवणे इतके अवघड का जाते, हे समजून घेतले तर असा कोणताही आलेख स्वतःच पारखता येतो.

उशीर घड्याळात दिसत नाही

गाडी चाळीस मिनिटे उशिरा आली असे आपण म्हणतो, तेव्हा घड्याळाने फक्त ती कधी आली एवढेच सांगितलेले असते. उशीर कळतो तो वेळापत्रकामुळे. अतिरिक्त मृत्यूंचेही तसेच आहे. एखाद्या काळात जितके मृत्यू झाले त्यातून, परिस्थिती नेहमीसारखी असती तर जितके झाले असते ते वजा केले की जे उरते, त्याला अतिरिक्त मृत्यू म्हणतात. ‘नेहमीसारखी परिस्थिती असती तर’ या कल्पनेवर आधारलेली संख्या म्हणजे अपेक्षित मृत्यू. पहिली संख्या नोंदवहीतून मिळते, दुसरी मात्र कोणत्याही नोंदवहीत नसते. ती अंदाजाने काढावी लागते.

म्हणूनच ‘हा माणूस अतिरिक्त मृत्यूंपैकी एक होता’ असे कोणत्याही एका व्यक्तीबद्दल म्हणता येत नाही. अतिरिक्त मृत्यू हा समूहाचा गुण आहे. शंभर अतिरिक्त मृत्यू झाले म्हणजे शंभर नावांची यादी कुठेतरी उपलब्ध आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

कारणांची नोंद असताना ही वजाबाकी कशाला?

ही शंका अगदी रास्त आहे. प्रत्येक मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलेच असते, तर तीच कारणे मोजावीत आणि मोकळे व्हावे. अडचण अशी की कारण चुकू शकते, लपवले जाऊ शकते किंवा ठाऊकच नसते. मृत्यू झाला की नाही याबद्दल मात्र सहसा वाद होत नाही. लंडनमध्ये १८४७ मध्ये फ्लूची साथ आली, तेव्हा फ्लू असे कारण नोंदवलेले मृत्यू थोडेच होते. जन्ममृत्यू नोंदणी कार्यालयातील संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी त्या काळातील एकूण मृत्यू नेहमीच्या प्रमाणाशी ताडून पाहिले आणि साथीचा खरा भार नोंदींपेक्षा कितीतरी मोठा असल्याचे दाखवले. कोविडच्या वेळीही हेच घडले. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत जगभरात कोविडचे म्हणून सुमारे ५४ लाख मृत्यू कळवले गेले होते; जागतिक आरोग्य संघटनेने अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज काढला तो सुमारे १ कोटी ४९ लाखांचा, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट होता.

ज्या मृत्यूंची जबाबदारी कोणी घेत नाही, ते निदान मोजले जावेत यासाठी आपल्या हातात असलेले हे सर्वांत भक्कम साधन आहे, असे मला वाटते. त्यामुळेच ते निष्काळजीपणे वापरले गेलेले पाहून वाईट वाटते.

तरुण पुरुषांचे गणित निराळे का?

वयाप्रमाणे मृत्युदराची रेषा काढली तर ती जन्मानंतर झपाट्याने खाली येते, दहा वर्षांच्या आसपास तळ गाठते आणि पुढे हळूहळू चढत जाते. या चढणीत विशी-पंचविशीच्या सुमारास एक उंचवटा दिसतो आणि तो मुख्यतः पुरुषांच्या रेषेवर असतो. डॅनिश गणिती थोर्वाल्ड थीले यांनी १८७१ मध्ये मृत्युदराचे सूत्र मांडताना या उंचवट्यासाठी एक स्वतंत्र पद ठेवले होते, इतका तो ठळक आहे. अपघात, आत्महत्या, हिंसाचार, अमली पदार्थ आणि काही काळांत युद्ध ही या उंचवट्यामागची कारणे आहेत. अनेक देशांत या वयाच्या पुरुषांचा मृत्युदर त्याच वयाच्या स्त्रियांच्या दुप्पट किंवा तिप्पट असतो.

वृद्धांचे मृत्यू संख्येने खूप असतात आणि त्यांतील बदल बहुधा संथ असतो. तरुण पुरुषांचे मृत्यू मुळात थोडे असतात आणि त्यांमागची कारणे समाजातील घडामोडींबरोबर झटकन बदलतात. शिवाय वृद्धांमध्ये एखाद्या साथीनंतर काही काळ मृत्यू नेहमीपेक्षा कमी होतात, कारण जे पुढच्या काही महिन्यांत गेले असते ते आधीच गेलेले असतात. पंचविशीतल्या तरुणाच्या बाबतीत अशी भरपाई जवळजवळ होत नाही. त्याच्यापुढे पन्नासेक वर्षांचे आयुष्य असते आणि ते सगळेच जाते. या वयोगटातील शंभर अतिरिक्त मृत्यूंचे वजन किती आहे, ते यावरून ध्यानात यावे.

एकच वर्ष, तीन उत्तरे

आता एक हिशेब प्रत्यक्ष करून पाहू. त्यातले आकडे केवळ समजावण्यासाठी घेतलेले, काल्पनिक आहेत. एका देशात २० ते २४ वयाचे पुरुष पहिल्या वर्षी १० लाख आहेत आणि दरवर्षी २० हजारांनी वाढत आहेत. पहिल्या वर्षी या गटात दर लाखामागे ८० मृत्यू होतात, म्हणजे एकूण ८००. रस्ते सुधारतात, उपचार सुधारतात आणि हा दर दरवर्षी एकाने उतरतो. पाचव्या वर्षी तो ७६ आहे. पण लोकसंख्या १० लाख ८० हजार झाल्यामुळे मृत्यू ८२१ होतात. म्हणजे धोका कमी होत असतानाही मृतांची संख्या वाढते आहे. आठव्या वर्षी या गटात ११ लाख ४० हजार पुरुष आहेत आणि ९०० मृत्यू होतात. यांपैकी अतिरिक्त किती?

पहिली रीत सर्वांत सोपी आहे: पहिल्या पाच वर्षांतील मृत्यूंची सरासरी घ्यायची. ती येते ८११. नऊशेतून ती वजा केली की ८९ अतिरिक्त मृत्यू, म्हणजे ११ टक्के वाढ. पण या रीतीने लोकसंख्या वाढल्याचा विचारच केलेला नाही.

दुसऱ्या रीतीत मृत्यूंऐवजी मृत्युदराची सरासरी घेतात. पाच वर्षांचा सरासरी दर ७८ आहे; तो आठव्या वर्षीच्या लोकसंख्येला लावला की अपेक्षित मृत्यू ८८९ आणि अतिरिक्त फक्त ११. वाढ साधारण एक टक्का. या रीतीने लोकसंख्या जमेस धरली, परंतु दर उतरत चालला होता हे विसरून त्याला मधल्या वर्षाच्या पातळीवर गोठवले.

तिसऱ्या रीतीत उतरणीची रेषा पुढे वाढवतात. दर दरवर्षी एकाने उतरत होता, तसाच उतरत राहिला असता तर आठव्या वर्षी तो ७३ असता, अपेक्षित मृत्यू ८३२ असते आणि अतिरिक्त मृत्यू ६८. वाढ आठ टक्के.

नोंदवहीतला आकडा तिन्ही वेळा ९०० हाच होता. लेखाच्या सुरुवातीला ज्या दोन आलेखांचा उल्लेख केला, ते पहिल्या आणि दुसऱ्या रीतीचे आहेत. या उदाहरणात मला तिसरी रीत अधिक योग्य वाटते, कारण ती लोकसंख्या आणि कल या दोन्हींची दखल घेते. मात्र ती एक गृहीतक धरते, ते म्हणजे सुधारणा त्याच वेगाने चालू राहिली असती. असे उतार कायम टिकत नाहीत, त्यामुळे रेषा जितकी लांब ओढावी तितका भरवसा कमी होत जातो.

हा फरक केवळ वहीतला नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पाच वर्षांच्या सरासरीची जुनी रीत सोडून लोकसंख्येचा आकार, वयरचना आणि मृत्युदराचा कल विचारात घेणारी नवी रीत स्वीकारली. २०२३ या वर्षासाठी सर्व वयांचे मिळून अतिरिक्त मृत्यू जुन्या रीतीने ३१,४४२ येत होते. नव्या रीतीने ते १०,९९४ आले.

वयोगट रुंद घेतला तर आणखी एक फसगत होते. १५ ते ४४ असा एकच गट केला आणि त्यात चाळिशीतल्यांचे प्रमाण वाढत गेले, तर कोणत्याही वयाचा धोका न वाढताही गटाचा मृत्युदर चढतो. म्हणून पाच-पाच वर्षांचे गट वेगळे मोजून मग त्यांची बेरीज करणे हिताचे ठरते.

संदर्भासाठी कोणती वर्षे घ्यायची?

गाडी रोज चाळीस मिनिटे उशिरा येते म्हणून वेळापत्रकच चाळीस मिनिटांनी पुढे ढकलले, तर उशीर कागदावरून नाहीसा होतो, प्रवासी मात्र तेवढाच वेळ ताटकळत राहतात. संदर्भाच्या काळात वाईट वर्षे घेतली की नेमके असेच होते. २०२० आणि २०२१ ही वर्षे धरून सरासरी काढली, तर त्यानंतरची बरीच वर्षे अकारण निरोगी दिसू लागतात.

उलट बाजूचा धोकाही तितकाच खरा आहे. सोव्हिएत संघात १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांच्या काळात मद्यविरोधी मोहीम सुरू झाली आणि पुरुषांचे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. मोहीम ओसरल्यावर आणि संघ कोसळल्यावर ते भयानक वाढले; रशियातील पुरुषांचे सरासरी आयुर्मान १९८७ मध्ये सुमारे ६५ वर्षे होते, ते १९९४ मध्ये साडेसत्तावन्नच्या आसपास आले. आता १९८६ ते १९८८ हा काळ संदर्भ म्हणून घेतला, तर नव्वदच्या दशकातील अतिरिक्त मृत्यू अधिक दिसतात. मोहिमेआधीची वर्षे घेतली तर ते कमी होतात, कारण त्यांतील काही मृत्यू हे मोहिमेमुळे लांबलेले जुनेच मृत्यू होते, असा अर्थ लावता येतो. यावर संशोधकांमध्ये दीर्घकाळ वाद झाला. तो काळ अतिशय वाईट होता याबद्दल कोणाचेच दुमत नव्हते. ‘नेहमीचे’ म्हणावे असे वर्ष कोणते, एवढाच प्रश्न होता.

अमेरिकेत १९९२ पर्यंत एचआयव्ही हे २५ ते ४४ वयाच्या पुरुषांच्या मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण झाले होते. १९९६ च्या सुमारास अनेक औषधांचा एकत्रित उपचार सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. नव्वदच्या सुरुवातीची वर्षे संदर्भाला घेऊन १९९७ कडे पाहिले, तर तरुण पुरुषांमध्ये अपेक्षेपेक्षा खूपच कमी मृत्यू झाले असे उत्तर येईल. ते खोटे नाही. पण १९८० च्या तुलनेत त्या वर्षीही या रोगाने घेतलेले बळी अतिरिक्तच होते.

छोट्या संख्यांचा चंचलपणा

मृत्यू एकमेकांपासून स्वतंत्रपणे घडतात असे धरले, तर एक ढोबळ नियम उपयोगी पडतो: अपेक्षित संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्याच्या दुपटीइतका चढउतार योगायोगाचा मानावा. आपल्या उदाहरणात अपेक्षित ८३२ चे वर्गमूळ सुमारे २९ आहे, म्हणून वर्षाकाठी ५८ पर्यंतचा फरक विशेष काही न घडताही पडू शकतो. तिसऱ्या रीतीचे ६८ त्याच्या थोडेसे बाहेर आहेत. दुसऱ्या रीतीचे ११ या चढउतारात सहज बुडून जातात.

आता हेच आठवड्यांत विभागून पाहा. वर्षाचे ८३२ म्हणजे आठवड्याचे १६. त्याचे वर्गमूळ ४, दुप्पट ८. म्हणजे एखाद्या आठवड्यात २४ मृत्यू झाले तर वाढ ५० टक्के दिसेल आणि तरीही ती योगायोगाच्या मर्यादेतच असेल. ‘या आठवड्यात तरुणांच्या मृत्यूंत ५० टक्के वाढ’ हा मथळा अक्षरशः खरा असूनही त्यातून काहीच सिद्ध होत नाही. आणि जो आकडेवारीत शोधतच बसतो, त्याला असे आठवडे हमखास सापडतात. वीस वयोगट, दोन लिंगे आणि ५२ आठवडे मिळून २,०८० चौकटी होतात. विसात एक चौकट निव्वळ योगायोगाने मर्यादेबाहेर पडते असे धरले, तरी शंभरावर चौकटी विलक्षण दिसतील आणि त्यांतील निम्म्या वाढीच्या असतील. प्रत्यक्षातला चढउतार वर्गमुळाच्या नियमापेक्षाही मोठाच असतो, कारण अपघात आणि साथी माणसांना एकेकटे गाठत नाहीत.

भागायची संख्याही स्थिर नसते

मृत्युदर काढताना मृत्यूंना लोकसंख्येने भागतात आणि तरुण पुरुषांची लोकसंख्या ही बहुधा सर्वांत कच्ची संख्या असते. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, सैन्यात, परदेशात अशी ही माणसे सतत फिरतीवर असतात. ब्रिटनच्या २००१ च्या जनगणनेत लोकसंख्या आधीच्या अंदाजापेक्षा बरीच कमी निघाली आणि ही तफावत विशेषतः तरुण पुरुषांत होती. त्यांतील अनेकजण देश सोडून गेल्याची दखल अंदाजांत घेतली गेली नव्हती. छेद खरा असावा त्यापेक्षा मोठा धरला की दर खोटाच कमी दिसतो. जनगणनेनंतर छेद दुरुस्त झाला की एका रात्रीत मृत्युदर ‘वाढतो’, आणि त्या दिवशी कोणी अधिक मेलेले नसते.

‘मग सरळ स्त्रियांशीच तुलना का करू नये?’

ही सूचना चांगली आहे आणि तिचा उपयोग झालेलाही आहे. साथ, उष्णतेची लाट किंवा नोंदणीतील गोंधळ यांचा परिणाम स्त्री-पुरुष दोघांवरही होतो. युद्धाचा मुख्यतः तरुण पुरुषांवर. त्यामुळे त्याच वयाच्या स्त्रियांशी असलेले गुणोत्तर अचानक उसळले, तर त्यामागे पुरुषांपुरते काहीतरी घडले आहे असे अनुमान काढता येते. मेडियाझोना आणि मेदुझा या रशियन वृत्तसंस्थांनी संख्याशास्त्रज्ञ दिमित्री कोबाक यांच्या साहाय्याने नेमके हेच केले. युद्धातील मृतांचे आकडे सरकार सांगत नव्हते, तेव्हा त्यांनी वारसाहक्काच्या सार्वजनिक नोंदींतून वयोगटांनुसार पुरुष आणि स्त्रिया यांच्या प्रकरणांचे प्रमाण तपासले. २०२३ च्या मे अखेरपर्यंत युक्रेनमधील युद्धात ५० वर्षांखालील सुमारे ४७,००० रशियन पुरुष मारले गेल्याचा अंदाज त्यांनी जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. मृत माणसाच्या घरच्यांनी मालमत्तेसाठी केलेल्या अर्जांतून ही संख्या उभी राहिली.

मात्र जे कारण दोघांनाही मारते ते या गुणोत्तरात दिसत नाही, आणि काही कारणाने स्त्रियांचेच मृत्यू कमी झाले तरी गुणोत्तर चढते. म्हणून गुणोत्तराच्या जोडीला दोघांचे दर स्वतंत्रपणेही पाहावेच लागतात.

‘वाढ दिसली म्हणजे कारण सापडले ना?’

नाही. अतिरिक्त मृत्यू ही निव्वळ बाकी असते. तिच्यात वाढ आणि घट दोन्ही आधीच मिसळून गेलेल्या असतात. टाळेबंदीत रस्ते ओस पडून अपघाती मृत्यू घटले आणि त्याच वेळी अमली पदार्थांचे बळी तितकेच वाढले, तर बाकी शून्य येईल. दोन मोठ्या घटना घडूनही आलेख सपाट राहील. तसेच एखादी लस, कायदा किंवा औषध आल्यानंतर रेषा चढली, एवढ्यावरून ते दोषी ठरत नाही. त्यासाठी कारणनिहाय नोंदी उघडाव्या लागतात, वाढ कोणत्या वयात आणि कोणत्या भागात आहे हे पाहावे लागते, संशयित कारणाचा संबंध नसलेल्या गटातही ती आहे का हे तपासावे लागते. १९१८ च्या फ्लूमध्ये २० ते ४० वयाच्या माणसांचे मृत्यू इतके वाढले की वयानुसार मृत्यूंची रेषा मध्येच उंचावून इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षरासारखी दिसू लागली. त्याच वर्षी महायुद्धही चालू होते. तरुण स्त्रियांमध्ये आणि युद्धात न उतरलेल्या देशांतही तोच आकार दिसला, तेव्हा ते काम विषाणूचे असल्याचे स्पष्ट झाले.

आलेखाचे शेवटचे टोक

अशा आलेखात उजवीकडचे शेवटचे काही महिने सर्वांत कमी भरवशाचे असतात, आणि तरुण पुरुषांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. वृद्ध व्यक्ती रुग्णालयात वारली तर नोंद काही दिवसांत होते. तरुण माणूस मात्र पुष्कळदा संशयास्पद किंवा अनैसर्गिक रीतीने जातो आणि त्याची चौकशी करावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये कॉरोनर या चौकशी अधिकाऱ्याकडे प्रकरण गेले, तर चौकशी पूर्ण होईपर्यंत मृत्यूची अंतिम नोंदणीच होत नाही. समजा, एक तेवीस वर्षांचा मुलगा १० मार्चला आपल्या खोलीत मृतावस्थेत सापडतो. शवविच्छेदन होते, रक्ताचे नमुने विषतपासणीला जातात, घरच्यांचे आणि मित्रांचे जबाब घेतले जातात, सुनावणीची तारीख मिळते आणि सप्टेंबरमध्ये निष्कर्ष लिहिला जातो. एप्रिलमध्ये छापलेल्या आलेखात मार्चच्या स्तंभात तो नाही. मृत्यू नोंदणीच्या तारखेने मोजले, तर तो सप्टेंबरच्या स्तंभात जातो आणि चौकशांचा साठलेला ढीग त्या महिन्यात निकालात निघाला असेल, तर सप्टेंबरमध्ये तरुणांच्या मृत्यूंची लाट आल्याचा भास होतो. मृत्यूच्या तारखेने मोजले, तर वर्षभराने पुन्हा काढलेल्या आलेखात मार्चचा स्तंभ आधीपेक्षा उंच झालेला असतो, आणि त्या वाढलेल्या उंचीत हा मुलगा असतो.